कालवा कोरडा नव्हता

काम काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, उघाडीवर आहे. ऐकणारा जरा थांबतो. वॉचमन म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. बँकेत खातं काढताना तिथल्या मुलीनं दोनदा विचारलं आणि शेवटी फॉर्मवर 'इतर' लिहून टाकलं. तेव्हापासून मी इतर.

तर आधी उघाडी म्हणजे काय ते सांगतो. जासईच्या पुढं, उरणच्या बाजूला जाताना, कंटेनर यार्डांच्या मागं खाडीतून एक कालवा आत शिरतो. दोन्ही काठ काळ्या दगडांनी बांधलेले. रुंदी एवढी की दोन होड्या एकमेकींना घासून जातील. कुणी खणला ते नक्की कुणी सांगत नाही. गावातले म्हातारे आंग्र्यांचं नाव घेतात, कुणी फिरंग्यांचं घेतात आणि मग चहा संपेपर्यंत भांडतात. या कालव्यानं खाडीचं पाणी मिठागरात जायचं आणि मिठाच्या गोणी होडीतून बाहेर यायच्या. पावसाळ्यात गावाचं पाणी ह्याच वाटेनं खाडीला मिळतं. कालव्याच्या तोंडाशी दगडी दार आहे, त्याला दोन्ही बाजूंनी उभ्या खाचा. त्या खाचांत ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्या एकीवर एक बसवायच्या. पाणी आत घ्यायचं तर फळ्या काढायच्या, अडवायचं तर घालायच्या. हे दार म्हणजे उघाडी, आणि भरती-ओहोटीप्रमाणे फळ्या काढणारा-घालणारा मी.

सध्या सरकारी कागदावर हा कालवा कालवा नाही. तो 'हंगामी नाला' आहे. फरक असा, की जिथं भरतीचं पाणी येतं ती जागा सहजासहजी बुजवता येत नाही. पावसाळी नाल्यात मात्र पाइप टाकायचा, वरून भराव करायचा आणि त्यावर गोडाऊन, रस्ता काय हवं ते करायचं. कालवा तसा कागदावर जाण्यात माझा हात आहे. हाताचा शब्दशः उपयोग झालाय. गावातल्या शाळेच्या रंजना मॅडम, ज्या कालवा वाचवायची कमिटी चालवतात, त्यांनीच कालव्यावरचा हा अंक काढायला घेतला आणि म्हणाल्या, "पवारकाका, बोलता तसंच लिहा. शुद्धलेखन मी बघते." त्यांचे उपकार. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या आहेत, आणि शुद्धलेखनातल्या तेवढ्याच बारीक आहेत.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, उगाच परिस्थितीवर घालत नाही. मामा वाशीच्या मार्केटात हमाल होता, त्याच्यामागं आलो. पाठीवर गोणी घेतली की माझी मान वाकायची आणि गोणी माझ्याआधी खाली पोचायची. आठवड्यात मामा म्हणाला, "तुजं हितं काय खरं न्हाई." मिठाच्या कंपनीत त्याच्या ओळखीचा कुणी होता. अशी माझी नेमणूक.

तिथले मॅनेजर सामंतसाहेब. पांढरा शर्ट, पायात गमबूट. मला पाहून म्हणाले, "पोहता येतं?" मी खरं सांगितलं, आमच्या गावाला पोहण्याइतकं पाणीच नसतं. ते हसले. "मग नीट राहशील. पोहता येणारे मस्ती करतात." राहायला उघाडीजवळची कंपनीची खोली दिली. लग्न झाल्यावर सुमनला घेऊन आलो ते त्याच खोलीत. दोन पोरींची लग्नं त्याच पत्त्यावरून झाली. अजून तिथंच आहे, म्हणजे काढेपर्यंत.

काम शिकवलं धर्माआबांनी. गावातले आगरी. उघाडीवर त्यांचा बाप होता, त्याचाही बाप होता. मला नाव ठेवलं घाट्या. पहिल्या दिवशी मी फळ्यांना चिखल लावला तो गावाच्या बाजूनं. आमच्याकडं पाटाचं पाणी वरून येतं, वरच्या अंगानं अडवायचं, एवढीच माझी अक्कल. आबा काठावर बसून बघत राहिले, थांबवलं नाही. भरती आली, चिखल धुऊन गेला, पाणी माझ्या पायजम्यातून वर आलं. मग बोलले, "घाट्या, तुज्या गावाला पानी वरून येतं. आमचे इथं खालून येतं. मान खाली घाल."

ती घातली ती घातलीच.

फळ्यांची रांग एक नाही, दोन असतात, मध्ये हातभर जागा सोडून. त्या जागेत खाडीचा चिकट चिखल पेंढा मिसळून पायानं तुडवून भरायचा. नीट भरला तर आतल्या बाजूला दगड कोरडा राहतो. आबा कान लावून बघायचे. थेंबाचा आवाज आला की सगळं उकरायला लावायचे. वेळ कळायची ती तिथीवरून. आज तिथी कितवी, तिची पाऊणपट करा, त्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास, आणि ते मोठं पाणी, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आगंमागं पाणी मरगळलेलं असतं, तो भांग. सातवी शिकलेल्याला पाऊणपट जमते. सुमन म्हणते, तुम्हाला पोरींच्या वाढदिवसाची तारीख आठवत नाही, तिथी बरोबर सांगता.

आता माझी पहिली मोठी चूक. तीही घाटावरच्याच माणसाकडून व्हावी अशी.

पहिल्या उन्हाळ्यातली पुनव. धर्माआबा पुतणीच्या हळदीला गेले. आगरी हळद म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशीही सापडत नाही. जाताना सांगितलं, सकाळी फळ्या काढ, पाणी आतल्या दगडावरच्या खुणेला लागलं की घाल. मी काढल्या. तासाभरात पाणी वीतभर चढलं. खूण अजून चार विती वर. मी हिशेब केला, तासाला वीत म्हणजे चार तास. आमच्या गावाला पाटाची पाळी असते, एकदा पाणी सोडलं की एका चालीनं येतं, माणूस बांधावर झोप काढून उठतो. मी भाकरी खाल्ली आणि आडवा झालो.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. खूण कधीच बुडाली होती. पाणी मिठाच्या वाफ्यांवरून चाललं होतं, आणि वाफ्यांत उचलायला तयार झालेलं मीठ. उन्हात पांढरं शुभ्र दिसत होतं ते बघता बघता दिसेनासं झालं. मीठ वाहून जात नाही, विरतं. मागं काही राहत नाही, एवढं की कुणी म्हणावं, इथं काही नव्हतंच.

आबा परतले, अजून हळद लागलेली. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "पानी पयलं चालतं, मंग धावतं, मंग परत चालतं. तू नेमका धावायच्या टायमाला निजलास."

वरच्या ऑफिसातून विचारणा झाली. माझी पिशवी मी भरूनच ठेवली होती. सामंतसाहेबांनी बोलावलं, पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले, "कुठं निघालास? फळी सडली होती." मी म्हटलं, "न्हाई साहेब, फळी चांगली होती, मी..." ते म्हणाले, "पवार, मी लिहून दिलंय. फळी सडली होती. आता जा आणि एक फळी सडव." मी खरोखर एक चांगली फळी खाडीच्या चिखलात पुरून आलो. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही, दारूच्या पार्टीतही नाही. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं नोकरी केली.

दर दसऱ्याला सोनं घेऊन त्यांच्या घरी जायचो. आधी कंपनीच्या बंगल्यात, नंतर नेरुळला सारसोळ्याकडं त्यांनी फ्लॅट घेतला तिथं. आई-वडिलांनंतर मी ज्यांच्या पाया पडलो ते साहेब. ते पाय मागं घ्यायचे, "अरे, गुडघे जातील तुझे."

उघाडीवर माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची, अजून येतात. टॉवरमधल्या एक बाई नाकाला रुमाल लावून आल्या, म्हणाल्या, "हा वास बंद करा ना, आमच्या बाल्कनीत येतो." मी म्हटलं, "ताई, ओहोटी हाय. सा तासांनी आपोआप बंद होईल." त्यांना वाटलं मी चेष्टा करतो. लग्नाआधी फोटो काढणारी पोरं-पोरी येतात. एकदा नवऱ्या मुलानं खांद्यावर हात टाकला, "काका, अर्धा तास पाणी होल्ड करा ना, रिफ्लेक्शन मस्त येतंय." मी म्हटलं, मलाही बऱ्याच गोष्टी होल्ड करायच्या आहेत. पक्ष्यांचे फोटोवाले भरतीची वेळ विचारतात आणि मी तिथीवरून सांगितली की मोबाइलमध्ये तपासून बघतात. दहा मिनिटं इकडं-तिकडं निघालं तर मोबाइलवर विश्वास ठेवतात. चिखलात पाय रुतल्यावर मात्र मला हाक मारतात.

मग कंपनीचं मन मिठावरून उडालं. आम्हाला कुणी तसं सांगितलं नाही, पण कळतं. आधी फळ्या यायच्या बंद झाल्या. जुन्या फळीला पत्रा मारा म्हणाले. मग गवंडी काढला, काठाचा निखळलेला दगड निखळलेलाच राहिला. धर्माआबा गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मिठागराचा एक तुकडा गेला, मग दुसरा, तिथं कंटेनरचे मनोरे उभे राहिले. कंपनीच्या पट्ट्यातली काठावरची तिवरं कुणीतरी तोडून नेली. राहिला कालवा, आणि तो कुणालाच नको होता. गाळ काढा म्हणून मी सांगायचो तर कंपनी म्हणायची, कालवा सरकारचा. रंजना मॅडम अर्ज घेऊन गेल्या की सरकारी ऑफिस म्हणायचं, कालवा कंपनीचा. म्हाताऱ्या माणसासारखं झालं. औषधाला कुणी नाही आणि जागेला सगळे.

गाळ एवढा साचला की भांगाच्या दिवसांत होडी टेकायची. पावसाळ्यात गावाचं पाणी उतरायला वेळ लागायला लागला. पाच-सहा घरांत ते चुलीपर्यंत गेलं. लोक मला बोलायचे, "ओ घाटी, झोपलावता काय?" मी फावडं घेऊन एकटा उतरायचो. एक माणूस फावड्यानं जेवढा गाळ काढतो तेवढा एक भरती परत आणून टाकते.

अशात सामंतसाहेबांचा फोन आला. ते रिटायर झाले होते, पण कंपनीनं जागा विकायच्या कामासाठी त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं. "पवार, कालवा साफ करायचाय. आत जेसीबी उतरवायचाय. षष्ठीच्या ओहोटीला सगळं पाणी काढून घे आणि उघाडी चार दिवस एकदम पॅक कर. थेंब नको."

माझा आनंद काय सांगू. इतकी वर्षं मी मागत होतो ते साहेबांनी करून आणलं. सुमनला म्हटलं, "बघ, साहेब इसरले न्हाईत." षष्ठीला सकाळी साडेदहाला पाणी अगदी तळाला गेलं. मी दोन्ही रांगा घातल्या. पत्रा मारलेल्या फळ्या काढून माझ्या खोलीच्या माळ्यावर जपून ठेवलेल्या जुन्या चांगल्या फळ्या वापरल्या. पेंढा विकत आणला. चिखल तुडवून तुडवून पोटऱ्या भरून आल्या. मग कान लावला. थेंब नाही. आबा असते तर म्हणाले असते, जमलं रं घाट्या. माझ्या आयुष्यात मी एवढी चांगली उघाडी कधी बांधली नव्हती.

शंका आली नाही का? आली. अष्टमीला आली. मी कठड्यावर बसलो होतो, जेसीबीची वाट बघत, आणि मनात आलं, साफसफाईला साहेबांनी भांगाचेच दिवस का निवडले? बरोबरच आहे, पाणी कमी असतं, काम सोपं. पण षष्ठी ते दशमी, बरोबर मधली अष्टमी, एवढं तिथीवर बोट ठेवून जेसीबीवाला येत नाही, तो त्याला वेळ असेल तेव्हा येतो. हे मला कळत होतं. मी ते बाजूला ठेवलं. माणूस आनंदात असला की शंकेलाही चिखल लावतो.

नवमीला दोन गाड्या आल्या. जेसीबी नव्हता. तिकाटण्यावरची दुर्बीण, वर उडवायचा कॅमेरा आणि चौघं-पाच जण, बरोबर साहेब. कालवा तळापासून तडकलेला होता. उन्हानं भेगा पडल्या होत्या, एक-दोन मेलेले खेकडे. त्यांनी तळात उभं राहून फोटो काढले. त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर चांगल्या घरचा दिसत होता, मला नमस्कार करून बोलला.

"काका, तुम्ही इथलेच का?"

"हो सर. उघाडीवर आहे."

"मग तुम्हालाच विचारतो. पाणी येतं का इथे?"

साहेब चार पावलांवर होते. माझ्याकडं बघत नव्हते. बुटाच्या टोकानं एक ढेकूळ फोडत होते. आणि मला ते वाक्य ऐकू आलं, जणू आत्ता बोलल्यासारखं. फळी सडली होती.

मी म्हणालो, "पावसाळ्यात येतं, सर."

त्यानं लिहून घेतलं. थँक यू काका म्हणाला.

जाताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "पॅकिंग झकास केलंस, पवार." गाड्या गेल्यावर मी चिखल उकरायला बसलो. संध्याकाळच्या भरतीला फळ्या काढल्या. पाणी भेगांत शिरताना बुडबुडे येत होते. त्याच्याबरोबर चिखलात राहणारी बोटभर लांबीची मासळी, निवटी, आली आणि काठाच्या दगडावर जाऊन बसली, जसं काही झालंच नाही.

पावसाळ्यानंतर डंपर आले आणि गावाच्या अंगाला भराव पडायला लागला. रंजना मॅडम माहितीच्या अधिकारात कागद काढून माझ्या खोलीवर आल्या. कॉटवर बसून वाचला. "प्रत्यक्ष पाहणीत कोरडा आढळला. स्थानिक कर्मचाऱ्याच्या सांगण्यानुसार केवळ पावसाळ्यात पाणी. सबब हंगामी नाला." मग चष्मा काढला. "काका, आमी लहानपणी ह्याच कालव्यात भर उन्हाळ्यात पोहलोय. हा स्थानिक कर्मचारी कोण? इथं तुमच्याशिवाय कर्मचारी उरलाय कोण?"

सुमननं चहा पुढं केला. मी कपाकडं बघत राहिलो. मॅडम हुशार आहेत, त्यांना तेवढ्यात कळलं. चहा पूर्ण प्याल्या, कप धुऊन ठेवला. दारातून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात जनसुनावणी हाय. यायचं का नाय ते तुमी ठरवा. मी बोलावणार नाय."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या महिन्यात माझं जेवण सुटलं. खोली कंपनीची. पेन्शनचा पत्ता नाही. साठी उलटलेल्या सातवी नापास माणसाला दुसरं काम कोण देणार? पण ही सगळी कारणं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण साहेब. सुमन एकदा ताट सरकवून म्हणाली, "अवो, बोलायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा. पर बोलला तर आपलं पाप आपुन सांगा. त्यांचं नाव कशाला घेता? त्यांनी आपल्याला बुडताना धरलंय." मला ते पटलं. वाट निघाली असं वाटलं. मी केलं, एवढंच बोलायचं आणि खाली बसायचं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. टेबलामागं अधिकारी बाई, शेजारी लिहून घेणारा क्लार्क, समोर गाव. कंपनीचे वकील पहिल्या रांगेत, दुसऱ्या रांगेत सामंतसाहेब. थकलेले वाटले. मी त्यांना सवयीनं नमस्कार केला, त्यांनीही केला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी माइक दोन्ही हातांनी कमरेशी धरला आणि तो किंचाळला. मागून कुणीतरी ओरडलं, "घाटी, माइक तोंडाशी धर, फावडं नाय त्यो!" हॉल हसला. बरं झालं हसला. मला आवाज सापडला.

"कालवा कोरडा नव्हता," मी म्हणालो. "कोरडा केला होता. मी केला. उघाडी बांधून, चार दिवस. एरवी रोज दोन भरत्या आत येतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाहणीच्या वेळी तुम्ही सांगितलंत की पावसाळ्यात पाणी येतं. ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं, मॅडम. अर्धं होतं."

"उघाडी का बांधलीत?"

"मी बांधली. माझी चूक."

"तुम्ही स्वतःहून?"

बाई वाईट नव्हत्या, समजावून बोलल्या. "हे बघा, पवार. तुम्ही स्वतःहून केलं असं मी लिहिलं तर ती एका कामगाराची चूक होते. पाहणी तशीच उभी राहते. नाला तो नालाच राहतो. कुणी सांगितलं होतं?"

म्हणजे मधली वाट नव्हती. सुमननं काढलेली नाही आणि मी काढलेली नाही. मी दुसऱ्या रांगेकडं बघितलं. साहेब चष्मा पुसत होते, एकच काच परत परत.

"सामंतसाहेबांचा फोन होता," मी म्हणालो.

हॉलमध्ये आवाज झाला. वकील लगेच उठले. म्हणाले, या माणसाचा भरवसा काय? पाण्याचं काम अशा अडाणी माणसाच्या हातात, याच्या हातून पूर्वी काय काय नुकसान झालं असेल. मग वळून म्हणाले, "सामंतसाहेब, तुम्ही इतकी वर्षं याच्यावर होतात. याच्या कामाबद्दल तक्रार असेलच. सांगा ना."

ते मीठ, ती पुनव, ती झोप. आबा गेल्यावर ते माहीत असलेला एकच माणूस त्या हॉलमध्ये होता. त्यांनी दोन वाक्यं बोलली असती तर माझं बोलणं तिथंच विरलं असतं, मागं काही राहिलं नसतं.

साहेब उभे राहिले. चष्मा घातला. "नाही," म्हणाले. "काही तक्रार नाही. कामाला चोख माणूस आहे."

आणि खाली बसले. फोनबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वकील त्यांच्या कानाशी लागले, साहेब समोर बघत राहिले. क्लार्कनं माझं म्हणणं लिहिलं, मी वाचून सही केली. वाचायला वेळ लागला, बाई थांबल्या. फेरपाहणी होईल म्हणाल्या. कधी ते म्हणाल्या नाहीत. बाहेर गावातली माणसं पाठ थोपटत होती, पोरं वकिलांची नक्कल करत होती. मी साहेबांना शोधत होतो. ते मागच्या दारानं गेले होते.

वर्ष होत आलं, फेरपाहणी अजून झालेली नाही. भराव थांबलाय, पण पडलेला उचललेला नाही. कंपनीनं खोली सोडण्याची नोटीस दिली आहे. मॅडम म्हणतात वकील बघतील. लोक विचारतात, खरं बोललात, बरं वाटतं ना? नाही वाटत. दमल्यासारखं वाटतं. हे आधी, त्या इंजिनिअरला, एका वाक्यात सांगता आलं असतं. तेव्हा फक्त दोन शब्द पुरे होते, रोज येतं.

या दसऱ्याला जावं की नाही, चार दिवस चाललं होतं. सुमन म्हणाली, "सोनं तर द्यावंच. त्यांनी घेवो न घेवो." मी सकाळची बस धरून नेरुळला गेलो. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार साहेबांनीच उघडलं. घरातल्या बनियनवर होते. मी आपट्याची पानं पुढं केली. पाया पडायला वाकलो, तर या वेळी त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. तसेच उभे राहिले, माझे गुडघे सरळ होईपर्यंत.

पानं घेतली, कपाळाला लावली.

"पवार, सोनं घेतलं मी," ते म्हणाले. "पण आज आत ये म्हणत नाही."

"बरं साहेब," मी म्हटलं.

दार त्यांनी सावकाश लावलं, आपटलं नाही. मी जिन्यानं खाली आलो. दशमी होती, दीड वाजता ओहोटी संपून भरती लागणार होती, आणि त्याच्या आत पोचायला हवं होतं. फळ्या काढायला तिथं दुसरं कुणी नाही.